तुतीची दाढ

"वाचेल असा दात मी उभ्या आयुष्यात उपटला नाही," डॉक्टर उभे राहून म्हणाले, "आणि वाचेल असं झाड माझ्या डोळ्यांदेखत कुणाला कापू देणार नाही."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये असली वाक्यं ऐकायची कुणाला सवय नसते. तिथे बोलायचं ते पाण्याच्या टाकीबद्दल, जिन्यातल्या दिव्याबद्दल, नाहीतर वरच्यांच्या कुंड्यांतून खालच्यांच्या कपड्यांवर गळणाऱ्या पाण्याबद्दल. त्यामुळे सगळे एकदम चिडीचूप झाले आणि डॉक्टरांना वाटलं, आपण मीटिंग जिंकली. आता लोक गप्प बसले म्हणजे त्यांना पटलं असं नसतं, हे इतकी वर्षं माणसांच्या तोंडात बोटं घालून बसलेल्या गृहस्थाला कळायला हवं होतं. पण नाही कळलं.

हे डॉक्टर दातांचे. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण ह्यांचं आणि ह्यांच्या बायकामुलांचं आयुष्यभर त्याच्यावरच भरलं. दवाखाना बंद करून घरी बसल्यापासून मात्र त्यांच्यासमोर कुणी तोंड उघडलं नव्हतं. उघडायची सोयच नव्हती. जिन्यात कुणी जांभई दिली तरी डॉक्टर थांबून आत डोकावायचे.

आणि झाड म्हणजे अंगणातली तुती. इमारतीच्या आधीची. इमारत बांधली तेव्हा ती मध्ये येत होती, म्हणून इमारतच जरा बाजूला सरकवली असं जुने लोक सांगत. खोड असं की दोघांनी दोन बाजूंनी मिठी मारली तरी हाताला हात लागायचा नाही. कमरेच्या जरा वर एक वाटोळं तोंड होतं, आत एखाद्या माणसाला अंग चोरून जाता येईल एवढं. जुन्या तुतीचं खोड आतून पोकळ होतच असतं, तो काही रोग नसतो, पण हे तेव्हा तिथे कुणालाच माहीत नव्हतं. फळांच्या दिवसांत अंगणभर जांभळा सडा पडे आणि त्या सड्यातच सेक्रेटरींची गाडी उभी असे. सेक्रेटरी माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांची गाडी पांढरी होती.

त्यात परवा एक वाळकी फांदी गाडीच्या बॉनेटवर पडली आणि सेक्रेटरींचा धीर सुटला. मीटिंग बोलावून त्यांनी सगळ्यांदेखत खोडावर मूठ मारून दाखवली. ढब ढब असा आवाज आला. झाड आतून सडलंय, उद्या इमारतीवर पडलं तर कोण जबाबदार, असा त्यांचा सवाल होता आणि तो बिनतोड होता. शेवटी ठरलं ते असं: रविवारी करवतवाला येणार. तो खोड ठोकून बघेल. पोकळ वाजलं तर कापायचं, भरीव वाजलं तर सोडायचं. डॉक्टरांनी छाती पुढे काढून अट कबूल केली.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला बेत सांगितला. बायको प्रसूतिगृहात नर्स होती. अर्ध्या गावाला तिने आपल्या हातांनी ह्या जगात ओढून आणलेलं, त्यामुळे अख्खी इमारत तिला सिस्टरच म्हणायची, आणि फार घाबरले की डॉक्टरसुद्धा. बेत सोपा होता. झाडाला पोकळी पडलीय, म्हणजे ती कीड. कीड सगळी कोरून काढायची, भोक स्वच्छ करायचं आणि वर सिमेंट भरायचं. दाढ काय आणि झाड काय, दोघांनाही मूळ असतं, असं शास्त्रही त्यांनी ऐकवलं.

सिस्टर भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "अहो, आत काय चाललंय ते कळल्याशिवाय आत हात घालू नये. एवढं एकच शिकले मी नोकरीत."

पालथ्या घड्यावर पाणी! डॉक्टर तोवर माळ्यावरून हत्यारांची पेटी काढायला चढलेसुद्धा होते.

दुसऱ्या दिवसापासून तुतीचा इलाज सुरू झाला. कपाळाला दिवा, तोंडाला मास्क, हातात तो छोटा गोल आरसा. आधी त्यांनी दातांच्या बारीक कोरण्या वापरल्या, पण त्या वेगाने ते काम नातवंडांच्या हयातीत संपलं असतं. मग स्वयंपाकघरातून पळी आली, पळीनंतर झारा आला, झाऱ्यानंतर खुरपं आणि शेवटी लांब दांड्याचं फावडं. आतून तपकिरी, मऊ, भुसभुशीत चुरा निघायला लागला. चुऱ्याचे बुटके डोंगर अंगणात उभे राहिले. सडका भाग संपेपर्यंत कोरायचं, निरोगी भागाला धक्का लावायचा नाही, हे तत्त्व दाढेला लावतात तसंच त्यांनी झाडाला लावलं. दाढेत सडका भाग कुठेतरी संपतो. इथे तो संपायलाच तयार नव्हता!

जाणारेयेणारे थांबत. पहिल्या मजल्यावरच्या शाळेतल्या बाईंनी तो चुरा बोटांत चोळून पाहिला आणि ह्याच्यात माझे गुलाब काय फुलतील, असं म्हणाल्या. झालं. डॉक्टरांना पेशंटपेक्षा कौतुक जास्त प्रिय. घ्या घ्या, हवं तेवढं घ्या म्हणत त्यांनी पिशव्या भरभरून चुरा वाटला. अख्ख्या इमारतीच्या कुंड्या भरल्या. सर्वांत जास्त कुणी नेला म्हणाल तर सेक्रेटरींनी. त्यांच्या गच्चीवर मिरच्या होत्या, टोमॅटो होते आणि झाड कापायचं मत असलं तरी फुकटच्या खताशी त्यांचं काहीच वाकडं नव्हतं.

रविवार उजाडला. सिमेंटची पोती बाकाशेजारी येऊन पडली होती. करवतवाला यायला अजून वेळ होता. कालवण्याआधी एकदा शेवटचं बघून घ्यावं म्हणून डॉक्टर स्टुलावर चढले. कपाळाच्या दिव्यात त्यांना अगदी तळाशी, एका कोपऱ्यात, मऊ चुऱ्याचं एक शेवटचं ढेकूळ दिसलं. फावडं काही तिथवर पोचेना. आता एवढ्याशा किडीसाठी फिलिंग कच्चं ठेवायचं? डॉक्टरांनी चपला काढल्या, एक पाय आत टाकला, दुसरा टाकला, काठ धरून अलगद खाली व्हायला गेले आणि सर्रकन थेट तळाला!

किती खोल कोरलंय ह्याचा हिशेब त्यांनी बाहेरून कधी केलाच नव्हता. झाडाचं तोंड आता त्यांच्या हनुवटीला आलं होतं. काठाला लटकून अंग वर ओढायचा प्रयत्न करून पाहिला. पण दात उपटायचं बळ मनगटात असतं, दंडात नसतं. गुडघा वर घ्यायला जागा नव्हती, आणि जागा असती तर गुडघा नव्हता.

हाक मारावी म्हणून त्यांनी दम घेतला, आणि सहज वर बघितलं.

हाक तशीच राहिली. खोड आतून वरपर्यंत मोकळं होतं. उंच, उंच, कुठेतरी फांद्यांच्या बेचक्यात एक भेग होती आणि तिच्यातून हिरवा उजेड खाली झिरपत होता. भिंतींवर वळसे घेत वर गेलेल्या रेषा होत्या, जुन्या फांद्यांच्या गाठी होत्या. डॉक्टरांनी भिंतीला हात लावला. मग बाहेर हात काढून दुसऱ्या बाजूने साल चाचपली. दोन्ही तळव्यांच्या मध्ये जेमतेम वीतभर लाकूड! आणि एवढ्याशा कवचावर ती सगळी वरची फांद्यांची, पानांची, फळांची, पाखरांची दुनिया इतकी वर्षं उभी होती, वारा सोसत होती, दर वर्षी गोड होत होती. दाताचा जीव आत असतो, हे त्यांनी आयुष्यभर लोकांना रंगीत चित्रं दाखवून समजावलं होतं. हिचा जीव बाहेर होता. मधलं सगळं गेलं तरी तिचं काहीही अडलेलं नव्हतं.

मग त्यांनी दिवा खाली वळवला. आतल्या भिंतीतून मुळं फुटली होती. बारीक, पिवळसर, ओली. खोडाच्या आतून खोडाच्याच पोटात उतरलेली, ज्या चुऱ्याला ते कीड म्हणत होते त्या चुऱ्यात घुसलेली. झाड आपलाच सडलेला गाभा हळूहळू खात होतं, त्याच्यावर जगत होतं. काही मुळं त्यांच्या फावड्याने तुटली होती. उरलेल्यांवर ते अनवाणी उभे होते. आणि बाहेर सिमेंट तयार होतं.

"अरे देवा," डॉक्टर पुटपुटले. बोलायला शब्द सापडत नाही असा प्रसंग त्यांच्यावर लग्नानंतर पहिल्यांदाच आला होता.

एवढ्यात बाहेर पावलं वाजली. सेक्रेटरी करवतवाल्याला घेऊन आले होते. डॉक्टर दिसत नाहीत म्हणजे घाबरून घरी बसले असणार, असं सेक्रेटरी म्हणाले, आणि खोड ठोकायला सांगितलं. करवतवाल्याने कुऱ्हाडीचा दांडा उलटा धरून खोडावर हाणला. नेमका जिथे आतून डॉक्टर पाठ टेकून उभे होते, तिथे. धप्. त्याने इकडे हाणला, तिकडे हाणला. धप्. धप्.

"भरीव आहे हो," करवतवाला म्हणाला. "कोण म्हणतं पोकळ आहे?"

आत डॉक्टर हरखले. जिंकलो! नुसतं गप्प बसायचं होतं. करवत गेटाबाहेर जाईपर्यंत तोंड मिटून उभं राहायचं, बस्स. डॉक्टरांनी दात आवळले, मुठी आवळल्या, डोळे मिटले. पण ठोकाठोकीने वरचा सगळा बारीक चुरा भुरभुरत खाली आला होता आणि मास्क बाकावर राहिला होता. शेंडी तुटो वा पारंबी, शिंकायचं नाही असं ठरवून त्यांनी नाक दाबून धरलं. त्यामुळे शिंक थांबली नाही, फक्त दुप्पट मोठी झाली.

शिंकणारं झाड करवतवाल्याने आजवर पाहिलं नव्हतं. तो दोन पावलं मागे गेला, सेक्रेटरी त्याच्याही मागे गेले. मग झाडाच्या तोंडातून तपकिरी चुऱ्याने माखलेलं एक टक्कल बाहेर आलं आणि त्याने नमस्कार केला.

त्यानंतर जो गोंधळ झाला तो विचारू नका. सेक्रेटरींचं म्हणणं, ही शुद्ध फसवणूक आहे, खोडात माणूस भरून खोड भरीव दाखवलं. ते खोटंही नव्हतं. आवाज ऐकून खिडक्या उघडल्या, अख्खी इमारत अंगणात उतरली. दोघांनी डॉक्टरांचे हात धरून ओढून पाहिलं, तर खांदा कुरकुरला आणि तोंडाच्या काठाची साल निघायला लागली. डॉक्टर ओरडून म्हणाले, सोडा, सालीला धक्का लावू नका. करवतवाल्याने तोडगा काढला. झाड तसंही आजच जायचं आहे, मग तोंडाची कड जरा कापून रुंद करू, डॉक्टर मोकळे होतील, उरलेलं नंतर निवांत पाडू.

"कापायचं नाही," डॉक्टर आतून म्हणाले. "मी बाहेर आलो की तुम्ही झाड पाडणार. मग मी येतच नाही."

येता येत नव्हतं ही गोष्ट वेगळी. पण निर्धार मात्र खरा होता.

करवतवाल्याने करवत खाली ठेवली. आत माणूस असेपर्यंत आपण हात लावणार नाही, म्हणाला, आणि सिमेंटच्या पोत्यावर जाऊन बसला. सेक्रेटरी दातओठ खात उभे राहिले. आता सगळ्यांचे डोळे सिस्टरकडे वळले.

सिस्टर शांतपणे स्टुलावर चढल्या. रागात असल्या की त्या फार शांत असत. आत वाकून त्यांनी नवऱ्याला काय सुनावलं ते बाहेर ऐकू आलं नाही, पण पहिली दोन-तीन वाक्यं बरीच लांब असावीत. मग त्या मध्येच थांबल्या. डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा काढून आधी वर धरला, मग खाली. सिस्टर बघतच राहिल्या.

"हिने पोटात स्वतःसाठीच नाळ धरलीय हो," त्या अगदी हळू म्हणाल्या.

"आणि मी ती कापत होतो, सिस्टर," डॉक्टर म्हणाले.

सिस्टर स्टुलावरून उतरल्या तेव्हा वेगळ्याच झाल्या होत्या. लेबर वॉर्डमधला आवाज त्यांनी काढला. तो आवाज ऐकून पूर्वी मोठमोठे डॉक्टर बाजूला होत, इथे तर नुसते शेजारी होते. ज्यांनी ज्यांनी इथला चुरा नेलाय त्यांनी घरी जाऊन तो आत्ताच्या आत्ता परत आणायचा. कुंडीतला असेल तर कुंडीतला. विटा नकोत, खुर्ची नको, आत मुळं आहेत. चुराच हवा. तो आत पडत जाईल तसे हे वर येत जातील. हिचं हिला परत मिळेल आणि माझं मला.

लोक गेले आणि आले. बादल्या, पिशव्या, पातेली, घमेली. पहिल्या आल्या शाळेतल्या बाई. दुसऱ्याची फजिती जवळून बघायला मिळते म्हणून त्या स्टुलावर चढल्या, चुरा ओतला आणि हसायला तोंड उघडून आत डोकावल्या. डॉक्टरांनी दिवा वर धरला. बाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. खाली उतरून त्या नुसत्या खोडाला हात लावून बाजूला उभ्या राहिल्या. मग पुढचा चढला. जो चढेल तो हसत चढायचा आणि गप्प होऊन उतरायचा. इतकी वर्षं ह्याच झाडाखाली सगळ्यांनी गाड्या लावल्या, भांडणं केली, सायकली शिकल्या, पण ते आतून एवढं उंच आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अंगणात पन्नासेक माणसं असतील, आणि आवाज फक्त बादल्यांच्या कड्यांचा.

डॉक्टर आत पाऊल उचलून मुळं जपत हलके हलके चुरा दाबत होते आणि बोटाबोटाने वर येत होते. हनुवटीचं तोंड गळ्याला आलं, गळ्याचं छातीला. मग चुरा संपला आणि काम अडलं. आता फक्त एकाच घरचा बाकी होता.

सेक्रेटरी जागचे हलले नव्हते. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मिरच्यांना नुकतीच फुलं आली होती, टोमॅटो लगडले होते. शेवटी ते तरातरा जिना चढून गेले. खाली आले ते पोतं पाठीवर घेऊन, पुन्हा गेले, पुन्हा आले. शेवटचं पोतं त्यांनी स्वतः स्टुलावर चढून ओतलं, आणि उतरता उतरता, बघायचं नाही असं ठरवूनही, आत बघितलं. ते बराच वेळ उतरले नाहीत. करवतवाल्याने तेवढ्यात त्यांचे पाय धरून ठेवले, नाहीतर तेही आत गेले असते.

झाडाचं तोंड आता डॉक्टरांच्या कमरेला आलं होतं, म्हणजे आतल्या आत वाकून डोक्याकडून बाहेर यायची सोय झाली होती. पुढचं काम सिस्टरचं. त्यांनी बाह्या वर केल्या, घरातून तेलाची बाटली मागवली, नवऱ्याच्या दोन्ही खांद्यांना तेल चोळलं.

"डोकं खाली. एक हात पुढे," त्या म्हणाल्या. "आता उगाच जोर लावू नका. मी सांगेन तेव्हाच."

एक खांदा आला. सिस्टरनी त्यांना हलकेच फिरवलं, दुसरा खांदा आला, आणि मग बाकीचे डॉक्टर एकदमच बाहेर आले. तेलकट, तपकिरी, डोळे मिचकावत. हाताला जन्माची सवय, सिस्टरनी त्यांना उलटं करून पाठीवर एक थाप मारली. डॉक्टर खोकले आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

झाड कापायचा विषय कुणी काढेना. शेवटी सेक्रेटरींनीच घसा साफ केला. मीटिंग सुरू आहे असं समजा, म्हणाले. कापायचा ठराव रद्द. वाळक्या फांद्या करवतवाला छाटून देईल, आणि गाडी आपण उद्यापासून पलीकडे लावू. सगळ्यांनी हात वर केले. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सेक्रेटरींना तेलकट मिठी मारली आणि सेक्रेटरींनी ती मारू दिली.

"आता दुसरा ठराव," सेक्रेटरी म्हणाले. त्यांची नजर अजून त्या तोंडाकडेच होती. "एवढं आश्चर्य आपल्या अंगणात आहे आणि ते आत उभं राहून फक्त एकट्या डॉक्टरांनी बघायचं, हे काही न्यायाचं नाही. तेव्हा दरवर्षी एकदा हा चुरा पूर्ण काढावा आणि प्रत्येक सभासदाला थोडा वेळ आत सोडावं. मंजूर?"

मुळांचं काय, म्हणून सिस्टर एकदम पुढे झाल्या. सकाळी एका माणसापासून झाड वाचवायचं होतं, आता अख्ख्या इमारतीपासून वाचवायची वेळ आली होती. त्यांनी वळून लोकांकडे पाहिलं, तर सगळ्यांत आधी एक हात वर गेला होता. तपकिरी, तेलाने चमकणारा.

सिस्टरनी तो धरून खाली ओढला.